नाताळच्या सुट्टीत दहा माणसांसोबत 'होम अलोन'चा बोर्ड गेम: कोणी खेळलंय का?

मृद्गंध

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहतो. यंदा नाताळच्या सुट्टीत घर भरलेलं असणार आहे. सासूबाई-सासरे पुण्याहून आलेत, दीर-जाऊ त्यांच्या दोन्ही मुलांना घेऊन डॅलसहून येतायत. आमची दोन धरून दहा माणसं. सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा, सगळ्यात मोठे चौऱ्याहत्तर वर्षांचे. बाहेरची थंडी बघता दिवसाचे बरेच तास सगळे एका छपराखाली असणार.

बेत असा आहे. एका दुपारी सगळ्यांना विनेटकाला न्यायचं. 'होम अलोन' म्हणजे नाताळात घरचे सगळे पॅरिसला जाताना चुकून मागे राहिलेला केविन हा मुलगा आणि घरात शिरणारे हॅरी-मार्व्ह हे दोन चोर यांचा चित्रपट; त्यातलं ते लाल विटांचं घर तिथे लिंकन अ‍ॅव्हेन्यूवर आहे, आमच्यापासून साधारण तासाभरावर. घर खाजगी आहे, त्यामुळे फुटपाथवरूनच बघायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. संध्याकाळी घरी येऊन चित्रपट लावायचा. सासूबाईंनी तो पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रपटावरचा बोर्ड गेम खेळायचा.

खेळ इथल्या एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) मिळाला, अजून उघडून नीट पाहिलेला नाही. डब्यावर लिहिलंय २ ते ४ खेळाडू. आम्ही दहा. सासूबाईंना इंग्रजी पानं भराभर वाचता येणार नाहीत, आणि सहा वर्षांच्याला तर मुळीच नाही. कोणी खेळलं असेल तर मनापासून सांगा, जमेल का? की दुसरं काही आणू?

सोंगटी

मृद्गंध, जमेल. डब्यावरच्या आकड्याला घाबरू नका.

तुमच्याकडे बहुतेक 'बिग जी क्रिएटिव्ह'ने २०१८ मध्ये काढलेला खेळ असणार. त्यात एक जण केविन होतो आणि बाकीचे सगळे मिळून हॅरी आणि मार्व्हच्या बाजूने, म्हणजे चोरांच्या बाजूने खेळतात. केविन घरात पानं उपडी ठेवतो. काहींत खरा सापळा असतो, काही नुसती हूल. चोरांना घरातल्या मौल्यवान वस्तू लंपास करायच्या असतात. पुरेसा ऐवज हाती लागला तर ते जिंकले, त्याआधी केविनने त्यांना जेरीला आणलं तर तो जिंकला.

'एकाविरुद्ध सगळे' हा प्रकार जुना आहे. 'स्कॉटलंड यार्ड' आठवतो का? लंडनच्या नकाशावर एक जण लपूनछपून फिरणारा मिस्टर एक्स, बाकीचे डिटेक्टिव्ह. १९८३ साली जर्मनीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला होता. मोठ्या कुटुंबाला हा प्रकार फार मानवतो, कारण 'सगळे' म्हणजे किती यावर फारसं काही अवलंबून नसतं. चोरांच्या बाजूला तीन जण बसले काय आणि सात बसले काय, चर्चा करून एकच निर्णय घ्यायचा असतो. तुम्ही दहा जणांच्या दोन तुकड्या करा: केविनकडे तिघं, चोरांकडे सात. न वाचता येणाऱ्याच्या शेजारी वाचता येणारा बसवा.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. चित्रपटावरचे खेळ दोन जातींचे असतात. एकात चित्रपट फक्त डब्यावर आणि सोंगट्यांवर असतो, आत तोच जुना खेळ. दुसऱ्यात चित्रपटाची गोष्ट नियमांमध्येच उतरलेली असते. दुसऱ्या जातीचा खेळ घरात आणला की नियम समजावायला फार बोलावं लागत नाही. सासूबाईंनी आदल्या रात्री चित्रपट पाहिला असेल, तर "तुम्ही केविन आहात, चोर कुठून येतील ते ओळखून सापळा लावा" एवढ्यावर त्या खेळायला बसतील. नियमपुस्तिका वाचून दाखवणं हा सुट्टीतल्या खेळाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. ते काम चित्रपट करून टाकतो. म्हणून आधी चित्रपट, मग खेळ, हा तुमचा क्रम अजिबात बदलू नका.

केतकी_न्यूजर्सी

सोंगटी म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे दोन वर्षं झाली हा खेळ. फक्त लहान मुलाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते.

चित्रपटात केविनचे सापळे खरोखर भयंकर आहेत. दाराची मूठ लालभडक तापवलेली, जिन्यावरून दोरीला बांधून सोडलेले रंगाचे डबे, कपडे टाकायच्या बोगद्यातून थेट तोंडावर पडणारी इस्त्री, पायरीवरच्या डांबरात रोवलेला खिळा. मोठी माणसं हसतात, कारण ते चित्रपटातलं आहे हे त्यांना माहीत असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते करून बघावंसं वाटतं. आमच्या धाकट्याने खेळ संपल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याच्या छोट्या गाड्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, चित्रपटातलं बघून. माझ्या आईचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा की सापळे फक्त पटावर. खेळ सुरू व्हायच्या आधी हे मुलांकडून म्हणून घ्यायचं, आणि खेळ झाल्यावर मुलांना तसंच मोकळं न सोडता दुसऱ्या कशात तरी गुंतवायचं, कारण डोक्यात सापळेच घोळत असतात. मी त्यांना कागद-रंग देते आणि म्हणते, आता तुमचा सापळा काढून दाखवा. केविनसुद्धा चित्रपटात आधी कागदावर रंगीत नकाशा काढतो आणि मगच कामाला लागतो. तो नकाशा मुलांना जाम आवडतो.

सासूबाईंसोबत जिना चढणारी-उतरणारी मुलं असतील तर हे नक्की लक्षात ठेवा.

जुना_भिडू

मी जरा वेगळं मत मांडतो.

चित्रपटाच्या नावाने निघालेल्या मोनोपोलीला नावं ठेवायची सध्या पद्धत पडली आहे. सोंगटींनीही थोडं तेच केलं. पण दहा माणसांच्या घरात सगळ्यांना आधीपासून येणारा खेळ असणं ही लहान गोष्ट नाही. आपल्या पिढीने 'व्यापार' खेळलाय. त्यातली मुंबई-दिल्ली-कलकत्ता विकत घेतलेली आहेत, घरं बांधली आहेत, तुरुंगात गेलेलो आहोत. माझ्या वडिलांना 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'ची मोनोपोली समोर ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे व्यापारच ना?" आणि फासे हातात घेतले. चित्रपट त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहायची गरजही पडली नाही. आपल्या नातवाला तो आवडतो एवढं त्यांना पुरलं. नातू त्यांना प्रत्येक घरावर हे कोण, ते कोण, सांगत होता, जॅक कोण, सॅली कोण. गोष्ट सांगायची संधी त्याला मिळाली.

त्यामुळे गोष्ट नियमांत नसली तरी ती पटाभोवती बसलेल्या माणसांच्या बोलण्यातून येऊ शकते.

सोंगटी

जुना_भिडू, नातवाने आजोबांना गोष्ट सांगणं हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्याचा मी विचार केला नव्हता.

तरी दोन अडचणी राहतात. मोनोपोलीत माणूस बाद होतो. दिवाळं निघालेला पहिला खेळाडू तासभर नुसता बघत बसतो, आणि बहुतेक वेळा तो घरातला सगळ्यात लहान असतो. दुसरी अडचण वेळेची. दोन तास, तीन तास, आणि शेवटचा तास फक्त जो जिंकणार हे सगळ्यांना कळलेलं असतं त्याच्यासाठी. 'होम अलोन'चा डाव अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. मग बाजू बदलायच्या. आज जो चोर तो पुढच्या डावात केविन. सुट्टीच्या घरात ही अदलाबदल फार उपयोगी पडते, कारण हरलेल्या मुलाला लगेच दुसरी बाजू मिळते.

मडगांवकार

मी गोव्याहून लिहितोय, जिथे नाताळ हा आमच्या घरचाच सण आहे, म्हणून थोडी वेगळी माहिती.

आमच्याकडे २४ च्या मध्यरात्रीच्या मिसाहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आलं की झोप उशिरा, आणि २५ ला दिवसभर माणसांची ये-जा. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाची ताटं शेजारी जातात, त्यांची आपल्याकडे येतात. अशा दिवशी खेळ म्हणजे तोंबोला. तिकीट हातात, नंबर पुकारणारा एक मामा, आणि मधेच कोणी पाहुणा आला तर उठून दार उघडायचं, परत येऊन बसायचं. वीस माणसं असोत की चाळीस, काही फरक पडत नाही.

टोरंटोची मामेबहीण गेल्या वेळी हा 'होम अलोन'चा खेळ घेऊन आली. २५ ला काढला आणि फसला. दर पाच मिनिटांनी चोरांपैकी कोणीतरी उठून जायचं, चर्चा तुटायची, केविनने कुठे काय ठेवलंय ते त्याचं त्यालाच आठवेना. २६ ला दुपारी जेवणानंतर, बाहेरचं कोणी येणार नव्हतं तेव्हा परत काढला, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत कोणी जागचं हललं नाही. तेव्हा मृद्गंध, दिवस बघून काढा. पाहुण्यांच्या दिवशी तोंबोला, रिकाम्या दिवशी हा.

हेमांगी_बॉस्टन

इथे मी 'हॉकस पॉकस' या चित्रपटावरच्या खेळाचं नाव सुचवल्याशिवाय राहू शकत नाही, जरी तो नाताळचा नसून हॅलोविनचा असला तरी. २०२० मध्ये 'रेव्हन्सबर्गर'ने काढला. सहा जणांपर्यंत खेळता येतो, आणि यात कोणी कोणाविरुद्ध नाही. सगळे एका बाजूला, सँडरसन बहिणी (चित्रपटातल्या तीन चेटकिणी) दुसऱ्या बाजूला, आणि त्या बहिणींना खेळ स्वतःच चालवतो. चेटकिणींचा काढा बिघडवायचा आणि सूर्य उगवेपर्यंत टिकून राहायचं.

आम्ही सेलम गावापासून जवळ राहतो. चित्रपट तिथलाच. १९९३ च्या जुलैमध्ये आला, हॅलोविनचा चित्रपट आणि ऐन उन्हाळ्यात! तेव्हा फारसा चालला नाही, पण पुढे टीव्हीवर दर ऑक्टोबरमध्ये लागत राहिला आणि एक पिढी त्यावर वाढली. आता ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी सेलममध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्ही दर वर्षी मुलांना तिथे नेतो, पण एक गोष्ट त्यांना आधी समजावतो. १६९२ साली तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खऱ्या माणसांवर खटले चालले, एकोणीस जणांना फाशी झाली, आणि त्यांच्यापैकी कोणीही चेटकीण नव्हतं. त्यांच्या नावांचे दगडी बाक तिथे आहेत. ते आधी बघायचे, मग गावातली गंमत.

खेळाबद्दल महत्त्वाचं असं. सगळे एका बाजूला असले की एका माणसाने सगळ्यांचे डाव ठरवायचे, हा धोका असतो. "तू हे पान टाक, मग ती ते टाकेल", आणि बाकीचे नुसते हात हलवणार. आमच्याकडे एक काका आहेत, अतिशय प्रेमळ आणि हुशार, पण त्यांच्यासोबत असा खेळ म्हणजे त्यांचा एकट्याचा खेळ. 'हॉकस पॉकस'मध्ये हातातली पानं एकमेकांना दाखवायची किंवा उघड सांगायची परवानगी नाही. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःच्या हाताचा विचार स्वतःलाच करावा लागतो. शिवाय पानांवर रंग आणि चित्रं आहेत, वाचण्यासारखं कमी. मृद्गंध, तुमच्या सासूबाईंसाठी हा विचार करून बघा.

वसुधाताई

अगं मृद्गंध, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची. दर एक-दोन वर्षांनी लेकीकडे येते, त्यामुळे त्यांच्या बाजूने लिहिते.

आमच्या पिढीला खेळ येत नाहीत असं मुलांना उगीच वाटतं. आम्ही मेंढीकोट खेळलो, बदामसात खेळलो, लग्नघरी रात्र रात्र झब्बू खेळलो. आणि चॅलेंज! उपडी पानं टाकून "तीन राजे" म्हणायचं, हातात एकही राजा नसताना. तुमचा हा केविन करतो ते हेच. मला जावयाने नियम सांगायला घेतले, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे चॅलेंजच. मी खोटं बोलतेय की खरं, ते तुम्ही ओळखायचं." झालं. सासूबाईंना चोरांमध्ये घालू नकोस, केविनच्या बाजूला बसव. चोरांच्या बाजूला भराभर इंग्रजीत चर्चा होते, आणि आपल्याला काय म्हणायचंय ते म्हणेपर्यंत ठरून गेलेलं असतं. केविनच्या बाजूला शांतपणे विचार करायला वेळ मिळतो. आणि चेहरा कोरा ठेवण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही, अख्खी एकत्र कुटुंबं सांभाळली आहेत!

आता चित्रपटाबद्दल मनातलं सांगते. मला त्यातली हाणामारी तेवढी भावली नाही. मला भावला तो शेजारचा म्हातारा, मार्ली. ज्याला सगळी मुलं घाबरतात, आणि जो चर्चमध्ये आपल्या नातीचं गाणं लांबून ऐकायला येऊन बसतो, कारण मुलाशी अबोला आहे. आणि ती आई. पॅरिसहून निघते, डॅलसला पोचते, तिथून स्क्रँटन, मग पुढचं विमान नाही म्हणून कुठल्याशा वाजंत्रीवाल्यांच्या गाडीत बसून बर्फातून रात्रभर प्रवास करते, फक्त लेकरापाशी पोचण्यासाठी. ज्या बायकांची मुलं सात समुद्रापार आहेत त्यांना त्या आईचं काय होत असेल ते सांगावं लागत नाही. तुमच्या खेळात ती आई कुठेच नाही. घर, चोर आणि सापळे, एवढंच घेतलंय. मला ती उणीव वाटते.

सोंगटी

वसुधाताई, तुम्ही बोट अगदी बरोबर जागी ठेवलंत. हा खेळ चित्रपटाच्या शेवटच्या अर्ध्या तासाचा आहे. सापळे सुरू होतात ते फार उशिरा. त्याआधीचा सगळा चित्रपट घरात एकट्या पडलेल्या मुलाचा आणि परतायला धडपडणाऱ्या आईचा आहे. जॉन ह्यूजने तो लिहिला तसा. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये लागला तेव्हा लोक पुन्हा पुन्हा बघायला गेले ते नुसत्या रंगाच्या डब्यांसाठी गेले असतील असं मला वाटत नाही.

रंगीत_खडू

वसुधाताईंचं वाचून राहवलं नाही. आम्ही घरीच एक पट बनवला होता, त्यात आई होती. मुंबईत दिवाळीच्या सुट्टीत भाचरं जमली होती. चित्रपट बघून झाला आणि दुसऱ्या दिवशी पाऊण दिवस आम्ही हे करत बसलो. सविस्तर देतो, कोणालाही करता येईल.

एका मोठ्या कार्डशीटवर स्वतःच्या घराचा नकाशा काढायचा. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. आत शिरायच्या तीन जागा ठरवायच्या: पुढचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, गॅलरी. कडेने आईचा रस्ता काढायचा, आठ घरांचा. पॅरिसचा विमानतळ, विमान, डॅलस, पुन्हा विमान, स्क्रँटन, वाजंत्रीवाल्यांची गाडी, बर्फातला शिकागोचा रस्ता, आणि आठवं घराचं दार.

केविनकडे १० पानं. ५ सापळे, ५ हूल. आमचे सापळे मुलांनी ठरवले: जिन्यात पसरलेल्या गोट्या, दारावर तोलून ठेवलेली पिठाची परात, ओल्या लादीवर साबण, गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्या, माळ्यावरून गडगडणारे स्टीलचे डबे. प्रत्येकाचं चित्र मुलांनीच काढलं. हुलीच्या पानावर वाकुल्या दाखवणारा केविन.

चोरांसाठी २४ वस्तूंची पानं. १ गुणाची सहा, २ ची सहा, ३ ची पाच, ४ ची चार, ५ ची तीन. समई, चांदीची वाटी, रेडिओ, पाटल्या, आणि ५ गुणांत आजीची बोरमाळ. चोरांकडे ४ चिंचोके, म्हणजे त्यांचा दम.

दर फेरीला तिन्ही जागी एकेक वस्तू उघडी मांडायची. केविन प्रत्येक जागी आपलं एक पान उपडं ठेवणार. हातात दोन्ही प्रकार आहेत तोवर तिन्हींत किमान एक सापळा आणि किमान एक हूल हवीच. चोर मोठ्याने चर्चा करून एक जागा निवडणार. पान उलटायचं. हूल निघाली तर वस्तू चोरांची. सापळा निघाला तर एक चिंचोका गेला, वस्तूही नाही. उलटलेलं पान बाद. बाकीची दोन न दाखवता केविनच्या हातात परत, म्हणजे तो काय लपवत होता ते कळतच नाही. उरलेल्या वस्तू बाजूला, आणि आई एक घर पुढे.

चोरांचे १२ गुण झाले की ते जिंकले. चारही चिंचोके गेले, किंवा आई घरी पोचली, की केविन जिंकला.

आईची सोंगटी पुढे न्यायचं काम आम्ही आमच्या आईला दिलं होतं. ती दर फेरीला घराचं नाव मोठ्याने म्हणायची, आणि केविनच्या बाजूची मुलं "आली, आली" करून ओरडायची. चोरांना घाई सुटायची. शेवटच्या दोन फेऱ्यांत ते हमखास मोठ्या वस्तूवर झडप घालायला जायचे आणि परातीखाली सापडायचे.

केतकी_न्यूजर्सी

रंगीत_खडू, हे फार सुंदर आहे. वाचायला अक्षर नको, आणि जितकी माणसं असतील तितकी बसवा. मी वीकेंडला बनवणार.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. नाताळ पार पडला, आता वृत्तांत.

विनेटकाला गेलो. घरासमोर आमच्यासारखीच चार-पाच कुटुंबं उभी होती, सगळ्यांचे फोन त्या दाराकडे. सासऱ्यांना घरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. मोठ्या पुतण्याने त्यांना सांगितलं की आतली बरीचशी दृश्यं या घरात घेतलेलीच नाहीत, जवळच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत सेट उभारून घेतली आहेत. रात्री चित्रपट बघताना ते प्रत्येक खोली आली की विचारायचे, "ही शाळेतली का?"

२६ ला दुपारी आधी विकतचा खेळ काढला, मडगांवकार म्हणाले तसा, रिकाम्या दिवशी. चोरांकडे सात माणसं बसवली. मोठ्या मुलांना आवडला. पण पानांवरची अक्षरं बारीक आहेत आणि सासूबाईंना दर वेळी विचारावं लागत होतं. दोन डावांनंतर त्या हळूच चहा ठेवायला उठल्या, आणि मला कळलं की हे त्यांच्यासाठी नाही. तो खेळ आता पुतण्यांचा झाला आहे, ते दोघं जोडीने खेळतात.

मग रंगीत_खडूंचा पट बनवला, पुण्याच्या घराचा. सासऱ्यांनी नकाशा काढला, मोजमापासकट. ते आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, हे माझ्या मुलांना आत्ता कळलं. त्यांनी पट्टी मागितली, पेन्सिलीला टोक केलं, आणि गॅलरीतल्या तुळशीसकट सगळं घर कागदावर उतरवलं. शिरायच्या जागा: पुढचं दार, मोरीची खिडकी, गच्चीचा जिना. मुलं त्यांच्याभोवती बसून विचारत होती, बाबा लहान असताना कुठे झोपायचा, तो आंब्याचा डबा कुठे ठेवायचा.

केविन झाल्या सासूबाई आणि आमचा सहा वर्षांचा. वसुधाताई, तुमचं अक्षरशः खरं ठरलं. त्यांचा चेहरा हलतच नव्हता. दीर चोरांच्या बाजूने त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाले, "आई, खरं सांग, मोरीत काय आहे?" त्या म्हणाल्या, "मोरीत बादली आहे." त्यांनी मोरी निवडली. पिठाची परात.

आईचा रस्ता मात्र आम्ही बदलला. पुणे, मुंबई विमानतळ, विमान, दोहा, पुन्हा विमान, शिकागो, इमिग्रेशनची रांग, घराचं दार. सासूबाई याच रस्त्याने आल्या होत्या. इमिग्रेशनच्या रांगेला सोंगटी आली की सगळे थांबून "अजून उभीच आहे" म्हणत होते.

एक शंका राहिली. एका डावात चोरांनी सतत स्वस्त वस्तूच उचलल्या, १ आणि २ गुणांच्या. केविनच्या पाचही हुली संपल्या आणि हातात नुसते सापळे राहिले. चोरांचे ८ गुण, तीन चिंचोके शिल्लक. पुढे काय करायचं ते कळेना, कारण जिथे जातील तिथे सापळाच. मुलांचं भांडण झालं की हे बरोबर नाही. नियम काय?

रंगीत_खडू

केवढा आनंद झाला वाचून! सासऱ्यांचा नकाशा बघायला मिळाला असता तर...

शंकेचं उत्तर: पाचवी हूल उलटली आणि गुण १२ च्या आत असतील, तर डाव तिथेच संपला, केविन जिंकला. चोरांना उगीच सापळ्यात ढकलत बसायचं नाही. मुलांना अन्याय वाटला असेल, पण हे त्यांना आधी सांगून ठेवा: चोरांना जास्तीत जास्त पाचच वस्तू मिळू शकतात, कारण हुली पाचच आहेत. पाच वस्तूंत १२ गुण करायचे तर नुसत्या स्वस्त वस्तूंनी भागत नाही. कधीतरी ३, ४, ५ च्या जागी जावंच लागतं, आणि केविन सापळा तिथेच लावून बसलेला असतो. चोरांनी बाद झालेली पानं मोजत राहायचं. किती हुली गेल्या, किती सापळे गेले, यावरून पुढची जागा ठरवायची. मोठ्या पुतण्याला हे मोजायचं काम द्या, तो चोरांचा सगळ्यात कामाचा गडी होईल.

सहा वर्षांच्यासाठी हवं तर गुण १२ ऐवजी १० ठेवा, आणि तो चोरांच्या बाजूला असेल तेव्हा एक चिंचोका जास्त द्या.